गोड्या पाण्याचे दिगंबरराव

दिगंबरराव सोमणांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या कलशात बोट बुडवताना. बालीगंजमधल्या एका तिमजली घराच्या वरच्या मजल्यावर मी नुकतेच बिऱ्हाड केले होते. पहाटेच्या पहिल्या ट्रामने गंगेवर जावे, स्नान करावे आणि पूजेपुरते पाणी तांब्याच्या कलशात आणावे, असा माझा नेम होता. त्या दिवशी जिना चढत असता मधल्या मजल्यावरचे दार उघडले, एक उंच, सावळे गृहस्थ पंचा नेसून बाहेर आले आणि नमस्कारासाठी हात जोडण्याऐवजी त्यांनी तर्जनी सरळ माझ्या कलशात घातली व जिभेला लावली.

"ओहोटीला भरलंत ना? चांगलं केलंत," ते म्हणाले. "भरतीचं पाणी या दिवसांत खारट लागतं."

मी तसाच खाली उतरलो. कलश जिन्याखालच्या मोरीत रिता केला आणि पुन्हा गंगेवर गेलो. परत आलो तेव्हा ते हात पाठीमागे बांधून दारातच उभे होते. "आता नाही शिवत, पंडितमशाय. पण सांगून ठेवतो, मघाचं पाणी यापेक्षा चांगलं होतं!" आतून त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी ओरडल्या, "अहो, शास्त्रीबुवांना जरा वर तरी जाऊ द्या!" त्या दिवसापासून मी त्यांचा पंडितमशाय झालो आणि वहिनींचा शास्त्रीबुवा. मी वाईच्या पाठशाळेत शिकून कलकत्त्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवायला आलेला. दिगंबररावांचा जन्मच कलकत्त्याचा. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून कारकुनीसाठी आले ते इथलेच झाले. त्यामुळे घरात ते शुद्ध मराठी बोलत, पण रागावले की बंगालीत रागावत.

नदीची खोली मोजणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते नोकरीला होते. दोरीला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडायचा, तळ लागला की दोरीवरची खूण वाचायची, आणि जहाजांनी कोठून जावे ते नकाशावर नोंदवायचे, हे त्यांचे काम. कचेरीतले इतर लोक दोरीवर भिस्त ठेवत. दिगंबरराव दोरीबरोबर जिभेवरही. समुद्राचे पाणी कोठवर चढले आहे, कोणत्या फाट्याला वरून गोडे पाणी मिळते, हे ते चाखून सांगत. "नकाशा गेल्या वर्षीचा असतो, पंडितमशाय," ते म्हणत. "पाणी आजचं असतं."

दक्षिणेकडे गंगेला असंख्य फाटे फुटतात आणि त्या फाट्यांमध्ये सुंदरबनाचे दलदलीचे अरण्य पसरले आहे. तिकडचे नावाडी त्याला बादा म्हणतात. फाळणीने त्या अरण्याचा मोठा भाग पलीकडच्या देशात गेला. दिगंबररावांच्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी स्वतःच्या हाताने तांबडी रेघ ओढली होती, आणि तिच्या पलीकडच्या खाड्यांची नावे ते पुढे कधी उच्चारत नसत. अलीकडच्या बाद्याविषयी मात्र ते बोलू लागले की त्यांचा आवाज आपोआप खाली येई. "तिथं मोठ्यानं बोलायचं नाही," ते सांगत. "भीती म्हणून नव्हे. तिथं कोणीतरी आधीपासून ऐकत बसलेलं असतं." हे सांगताना ते हसत नसत, आणि म्हणून मलाही हसू येत नसे.

एका माघात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एका अरुंद खाडीच्या काठी त्यांना विटांचे पडके शिवालय दिसले होते. शिखराला झाडाच्या मुळांनी विळखा घातला होता. आत पिंडी होती. "तुमच्या महादेवाला पाणी घालणारं कुणी नाही हो तिथं. किती शतकं झाली, देव जाणे. भरतीचं खारं पाणी तेवढं पायरीपर्यंत येऊन जातं." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. महाशिवरात्रीला शाळेला सुटी होती. मी म्हणालो, "मी येतो. गंगोदक घेऊन येतो." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला.

बालीगंजच्या स्थानकावर आम्ही कॅनिंगची गाडी धरली. कॅनिंगच्या घाटावर मोतालेब नावाड्याची चटईच्या छपराची नाव उभी होती. मोतालेब पन्नाशीचा, पिकू लागलेल्या दाढीचा, मितभाषी माणूस होता. त्याचा धाकटा भाऊ हारून वल्ह्यावर बसे. बारा वर्षे दिगंबरराव त्याच दोघांबरोबर बाद्यात हिंडत होते. हिंदू-मुसलमानांच्या दंग्यांचे दिवस सरून फार काळ लोटला नव्हता. त्या दिवसांत हे दोघे घाटावर अडकले असता दिगंबररावांनी त्यांना कचेरीच्या कोठारात आठ दिवस ठेवून घेतले होते, आणि पुढच्या महिन्यात मोतालेबने दिगंबररावांना दंगा पेटलेल्या एका वस्तीतून नावेच्या तळाशी झोपवून बाहेर काढले होते. हे मला वहिनींनी सांगितले; त्या दोघांपैकी कोणीही ते कधी बोलले नाही. मला त्यांनी नावेत घेतले ते केवळ दिगंबररावांच्या शब्दावर.

बाद्यातले सर्व पाणी खारे. पिण्याचे पाणी घाटावरूनच भरून न्यावे लागते. नावेच्या मागच्या अंगाला दोन रांजण होते: एक नावाड्यांचा, आणि दुसरा दिगंबररावांनी माझ्यासाठी मुद्दाम नवा आणवून, घासून, स्वच्छ फडके बांधून ठेवलेला. मोतालेबने निघण्यापूर्वी मला दोन नियम सांगितले. त्याचे बंगाली बोलणे मी मराठीत देतो; ब्राह्मण म्हणून तो मला ठाकुरमशाय म्हणे. "ठाकुरमशाय, गोडं पाणी सांडायचं नाही. ज्याच्या हातून बाद्यात गोडं पाणी सांडतं, त्याला बादा ओळखून ठेवतो. मग त्याला कुठलीच नाव घेत नाही." आणि दुसरा: "इथं जे तीनदा बोललं, ते त्या माणसाचं झालं. घाटावर येऊन फिरवायचं नाही."

पहिला दिवस ओहोटीबरोबर खाली उतरण्यात गेला. दोन्ही काठांवर चिखलातून वर आलेली भाल्यांसारखी मुळे, त्यांच्यामागे एकसारखी हिरवी भिंत. एकही पक्षी ओरडत नव्हता. दिगंबरराव पुढे बसून मधूनमधून बोट बुडवीत आणि डावीकडे किंवा उजवीकडे मान हलवीत, की मोतालेब सुकाणू वळवी. सायंकाळी एका फाट्याच्या तोंडाशी नांगर टाकला. शिवालय तिथून जवळच, पहिल्या वळणावर होते.

शिवरात्रीची पहाट धुक्याने उगवली. काठही दिसत नव्हता, आणि ओहोटीने नाव चिखलात बसली होती. मी जागा होऊन छपराखाली स्तोत्र म्हणत होतो. तेवढ्यात हारून मागच्या अंगाला आला, त्याने माझ्या रांजणाचे फडके सोडले, आपला पत्र्याचा मग आत बुडवला, उभ्याउभ्याने प्यायला, पुन्हा बुडवला, आणि फडके बांधून पुढे निघून गेला.

इथे मी कोणतीही सबब सांगत नाही. मला त्या क्षणी काय वाटले तेवढे लिहितो. पाणी विटाळले, असे मला वाटले. आज माझा निर्जळी उपवास, तेव्हा मला पाण्याची गरज नाही. दिगंबररावांना नावाड्यांच्या रांजणातले चालते. नावाड्यांचा रांजण भरलेला आहे. मग हे शिवलेले पाणी ठेवून काय करायचे, असा विचार मी केला, आणि तो मला अगदी निर्दोष वाटला. नियम मला आठवला नाही असे नाही. तो त्या लोकांचा नियम होता. मी रांजण कलता केला आणि आवाज होऊ न देता सर्व पाणी खाडीत सोडले.

उन्हे धुक्यात पांढरी दिसू लागली तेव्हा मोतालेब भातासाठी पाणी घ्यायला उठला. आपल्या रांजणाशी तो बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "तळाला चीर गेलीय. सगळं झिरपून गेलं." हारून खालमानेने म्हणाला, "पहाटेच पाहिलं मी. घोटभरही नव्हतं. तुला झोपेतून उठवलं नाही." मोतालेब दिगंबररावांकडे वळला. "सोमणबाबू, ठाकुरमशायांच्यातलं थोडं घेऊ?"

"घे की. विचारतोस काय!"

त्याने फडके सोडले. रिकाम्या रांजणात त्याचा हात कोपरापर्यंत गेला आणि तसाच राहिला. चिखलात बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता.

"कोणी सांडलं?" मोतालेब म्हणाला.

दिगंबररावांची दृष्टी माझ्या धोतराच्या ओल्या काठावर क्षणभर थांबली. मग ते मोतालेबकडे पाहून म्हणाले, "मी. तोंड धुवायला उठलो, तो कलंडला."

"तुम्ही, बाबू?"

"मीच रे."

मोतालेबचा चेहरा राखेसारखा झाला. तो थांबला. तिसऱ्यांदा विचारण्यापूर्वी त्याने जो वेळ जाऊ दिला, तो माझ्यासाठी होता असे आज मला वाटते. हारून दोरी गुंडाळत होता आणि वर पाहत नव्हता. मी तोंड उघडलेसुद्धा.

"सोमणबाबू, पाणी तुम्ही सांडलं?"

"मी सांडलं, मोतालेब. झालं आता. नाव काढ."

पाणी चढून नाव तरंगली तेव्हा धुके विरळ झाले होते, आणि ते शिवालय आम्हांला दिसले. चिखलाच्या पट्ट्यापलीकडे काळ्या विटांचे शिखर, त्याला धरून बसलेली मुळे, आणि दाराच्या जागी एक अंधारी फट. मी हात जोडले. मोतालेबने नाव काठाला लावली नाही. "आज या नावेतलं कोणीही उतरणार नाही," एवढेच तो म्हणाला. काठावरच्या चिखलात ताज्या पावलांची एक ओळ पाण्यापर्यंत आली होती, आणि परत गेलेली दिसत नव्हती. कोणीही तिच्याविषयी बोलले नाही.

परतीच्या वाटेवर धुक्याने पुन्हा वेढले आणि आम्ही फाटा चुकलो. माणसांची वस्ती व गोड्या पाण्याचे तळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भेटले नाही. वल्ही मारणाऱ्याला पाण्यावाचून काय होते ते मी पाहिले: हारूनचे ओठ फुटले, मग तो बडबडू लागला, मग बडबडेनासा झाला. मी अभिषेकाचा कलश काढून दिगंबररावांच्या हाती दिला. ते म्हणाले, "महादेवाचं आहे हो ते." मी म्हणालो, "द्या त्यांना." त्यांनी घोटघोट करून दोन्ही भावांना पाजले. कलश देणे मला जमले. त्याच्याबरोबर एक वाक्य द्यायचे होते, ते जमले नाही. पुढचा सगळा मार्ग दिगंबररावांनी जिभेने शोधला. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी ते चाखत, थुंकत, पुन्हा चाखत. "खारं. हेही खारं. थांब, मोतालेब, इथं कमी आहे. इकडे घे." त्यांची जीभ मिठाने सुजली होती. त्या जिभेने आम्ही चौघे वाचलो.

कॅनिंगच्या घाटावर उतरताना मोतालेबने दिगंबररावांच्या पायांना हात लावला आणि तो रडला. "बाबू, आता नाही," तो म्हणाला. दिगंबररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ठाऊक आहे रे."

गाडीत मी म्हणालो, "मी आत्ता उतरतो, परत जाऊन त्याला सांगतो."

"काय सांगाल?"

"की पाणी मी ओतलं."

"का ओतलंत, असं तो विचारील. मग?" ते अगदी हळू बोलले, जणू अजून नावेतच होतो. "सांडलं म्हटलं तर अपशकुन होतो, पंडितमशाय. शिवलं म्हणून ओतलं म्हटलं, तर आमचं बारा वर्षांचं सगळं जातं. तेही या दिवसांत. अपशकुन मी सोसीन. तुम्ही काही सांगायचं नाही."

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

बातमी घाटाघाटांवर पोचली. पुढच्या हिवाळ्यात कचेरीने त्यांना मोजणीवर धाडले, तर एकही नावाडी, एकही दोरी टाकणारा त्यांच्याबरोबर जाईना. दोनदा असे झाल्यावर वरिष्ठांनी त्यांना बजबजला नेमले. तिथे नदीत एक रंगवलेला खांब रोवलेला होता. त्यावर पाणी कोठवर चढले ते दिवसातून ठरावीक वेळा वहीत लिहायचे. खाड्यांच्या जाळ्यात डोळे बांधूनही वाट काढील असा माणूस रोज लोकलने बजबजला जाऊन एका खांबाकडे पाहत बसे. "खांब बरा आहे," ते म्हणत. "हलत नाही. मलाही हलू देत नाही." भिंतीवरचा नकाशा त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकला.

सुमतीवहिनी एकदा मला म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तुम्ही होतात ना तिथं? यांच्या हातून पाणी सांडतं? माझ्या संसारात यांनी कधी वाटीभर सांडलं नाही. विचारलं तर नुसते हसतात." मी त्यांच्यापुढे ताटावर बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाला त्याचे अरण्य परत मिळाले असते, असे मला वाटे. आणि ते वाक्य बोलू नये म्हणून त्याने स्वतःच मला बांधून घातले होते. माझ्या भित्रेपणाला त्यांच्या आज्ञेचा आधार मिळाला होता, आणि त्या आधाराने मी सात हिवाळे काढले. दर माघात ते एकदा कॅनिंगला जाऊन येत. सायंकाळी परतत, कपडे बदलत आणि ओटीवर येऊन बसत. मी विचारी, "भेटला?" ते म्हणत, "भेटला. बरा आहे." अधिक काही नाही.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागू लागला. जिन्यावर ते मध्येच थांबत. एका सायंकाळी बजबजच्या गाडीत खिडकीशी बसल्या जागी त्यांचे प्राण गेले. शेजारच्या उतारूंना ते झोपले आहेत असेच वाटत होते. बालीगंज आले, गाडी थांबली, सुटली, आणि त्यांना घेऊन शेवटच्या स्थानकापर्यंत गेली.

तेरावा झाल्यावर मी कॅनिंगला गेलो. आज्ञा देणारा राहिला नाही, तेव्हा आता ऋण फेडावे, असा माझा विचार होता. आणि तोही मला त्या पहाटेच्या विचारासारखाच निर्दोष वाटला. मोतालेब घाटावर नावेच्या भेगा बुजवीत होता. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. हारून पलीकडे जाळे सुकवीत होता. त्याने मला पाहिले आणि पाठ फिरवली.

"सोमणबाबू गेले," मी म्हणालो. त्याने हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाला, "दर वर्षी यायचे. चहा घ्यायचो. मग विचारायचे, नेशील का? मी म्हणायचो, ना बाबू. मग दोघे मिळून पाण्याकडे बघत बसायचो. यंदा आले नाहीत, तेव्हाच समजलो."

मी ते वाक्य बोललो. पाणी त्यांनी सांडले नव्हते. मी ओतले होते. का ओतले, तेही सांगितले.

मोतालेबने वर पाहिले नाही. "हारूननं पाहिलं होतं, ठाकुरमशाय," तो म्हणाला. "नावेतच, त्याच दिवशी, मला सांगितलं."

"मग पुढं त्यांना नेलं का नाहीस?"

"त्यांना खोटं म्हणायचं, तर खरं काय ते तोंडानं म्हणावं लागलं असतं. आमच्या शिवण्यानं पाणी ओतलं गेलं, ती लाज त्यांनी झाकली. आम्ही ती झाकू दिली. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं." तो उठला, हात पुसले. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला तो जास्त भयंकर वाटला. "मला ठाऊक होतं, पण मला कोणी सांगितलेलं नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत. आता ते ऐकलं नाही, असं मला म्हणता येणार नाही."

त्याने भावाला हाक मारली. दोघांनी मिळून नाव चिखलावरून पाण्यात लोटली. ओहोटी लागली होती. नाव दक्षिणेकडे, खाड्यांच्या तोंडाकडे वळली. मी हात जोडून उभा होतो. त्या दोघांपैकी कोणीही मागे पाहिले नाही. दिगंबररावांनी सात वर्षे ज्या न बोललेल्या समजुतीसाठी आपले अरण्य दिले होते, ती मी त्यांच्या तेराव्यानंतर, चांगल्या हेतूने, घाटावर उभा राहून संपवली.